भटूच्या नावचे पाच किलो

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "हिरामणभाऊ, यंदाच्या दिवाळी अंकासाठी रेशन दुकानाच्या आतल्या गोष्टी लिहा. लोकांना वाचायला आवडतील."

आतल्या गोष्टी म्हणजे कुठल्या, ते मला कळतं. डॉक्टरला आतल्या गोष्टी लिहायला सांगतात तेव्हा त्यांना रोग्यांच्या कहाण्या हव्या असतात. रेशनवाल्याला सांगतात तेव्हा चोरीच्या हव्या असतात. मी मानधनाचं विचारलं तर ते हसले. मी म्हटलं, मग अंकाच्या चार प्रती तरी द्या. दोनवर आले. तीनवर तोडलं.

तरी लिहितोय, कारण माझ्याबद्दलची एक गोष्ट लोकांना अर्धीच माहीत आहे. सुरतेत आमच्या गोडादऱ्यात अजून कोणी ना कोणी नव्या भाडेकरूला सांगतं, "त्या हिरामणचं दुकान बंद पडलं होतं ना, म्हातारीचं धान्य खाल्लं म्हणून." बंद पडलं होतं हे खरं. पुन्हा उघडलं कसं, ते मात्र कोणी सांगत नाही. ते सांगण्यात मजा नसते.

मी धुळे जिल्ह्यातला. सुरतेला आलो तो लिंबायतच्या लूम खात्यात. मागाच्या आवाजात डोकं आणि कान दोन्ही कामातून जायला लागले, तेव्हा कांद्याची लॉरी, म्हणजे हातगाडी, लावली. पुढे लहानसं किराणा दुकान टाकलं आणि बऱ्याच खटपटीनंतर रेशनचा परवाना मिळाला. कोणी मला काही आयतं दिलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, आणि घासाघीस करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोरचा खरा भाव लपवतोय असंच त्याला कायम वाटतं. निम्म्या वेळा ते खरंही निघतं.

ज्यांनी रेशन दुकान बाहेरूनच पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सरकारी गोदामातून माझ्याकडे पोती येतात ती नगावर. मी वाटतो ते किलोवर. हमाल आकडा मारून पोतं ओढतो, भोकातून गहू सांडतो, ट्रक निघून जातो. त्यानंतर जे कमी भरेल ते माझं. गोदामातला माणूस म्हणतो, आम्ही पूर्ण दिलं. ग्राहक म्हणतो, मला कमी मिळालं. मधे एकच माणूस उरतो, त्याचं नाव चोर.

आणि ग्राहकही साधे नसतात. एक मिस्त्री स्वतःचं किलोचं माप पिशवीत घेऊन यायचा आणि आधी ते माझ्या काट्यावर ठेवायचा. मीही वस्ताद. एकदा त्याचं माप पंधरा ग्रॅमनी हलकं निघालं, तेव्हा त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, यावर कोणाला काय विकता?" त्यानंतर तो माप घरी ठेवून यायला लागला. आमच्याकडच्या बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात. त्यांच्या बोटांवर गोंदाचा पापुद्रा चढतो आणि मशीन अंगठा घेत नाही. मी लिंबाची फोड आणि जुना ब्रश गल्ल्याजवळच ठेवलेला आहे. घासा, धुवा, पुसा, ठेवा. तरी एकदा नाही लागला की त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मीच आतून कडी लावून बसलोय.

तर अशा जागी अनुदान आलं. धान्यवाटपाचा कारभार सुधारायचा, यंत्रं नवी द्यायची, यासाठी वरून मोठा निधी आला. जुन्या अंगठ्याच्या मशीनच्या जागी नवं मशीन, आणि त्याला बिनतारी जोडलेला काटा. काट्यावर पूर्ण वजन दिसेपर्यंत पावती निघणारच नाही अशी व्यवस्था. मला ती मनापासून आवडली. म्हटलं, आता तरी कोणी माझ्या हाताकडे बघत बसणार नाही.

वाटपाचा कार्यक्रम एका हॉलमध्ये ठेवला होता. आम्हा दुकानदारांना पुढच्या दोन रांगांत बसवलं, प्रत्येकाला एक गुलाब आणि फरसाणचा पुडा दिला. मग पाहुणे माईकवर आले आणि म्हणाले, "हवे गरीबना अनाजनो एक दाणो पण चोरी नहीं थाय." टाळ्या झाल्या. दाणा आता चोरीला जाणार नाही, म्हणजे आजवर कोण चोरत होतं, ते हातात गुलाब धरून पहिल्या रांगेत बसलेलं होतं. शेजारचा दुकानदारही टाळ्या वाजवत होता. मी त्याला म्हटलं, "तुझ्याबद्दल बोलतायत." तो म्हणाला, "तुमारे बारे में भी."

मी हात वर केला. माईक मिळाला नाही, म्हणून उभा राहून मोठ्यानेच विचारलं, "साहेब, हा काटा ग्राहकाच्या बाजूला लावता, चांगलं करता. मग गोदामाच्या बाजूलाही लावा ना. माझ्या दारात पोतं याच काट्यावर चढवून द्या." कोणीतरी माझा सदरा मागून ओढला. पाहुणे म्हणाले, सूचन सारुं छे. सूचना चांगली आहे म्हटलं की ती मेली, एवढं मला सरकारी कामातलं कळतं.

मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरशीही माझं वाजलं. काट्याची विजेची वायर आखूड होती. तो म्हणाला, अनुदानात एवढीच बसते. मी म्हटलं, मग काटा भिंतीवर टांगू का? शेवटी लांब वायर घेतली, वर दोन तास बसवून त्याच्याकडून मशीनची एकेक कळ समजून घेतली. बाकीचे दुकानदार सही करून मोकळे झाले होते. त्या दोन तासांत दोन गोष्टी कळल्या. कार्डावरचा कोणीही माणूस कुठल्याही दुकानात अंगठा देऊन धान्य उचलू शकतो, ही एक. आणि सगळं एकदम उचललंच पाहिजे असं नाही. थोडं उचलायचं, बाकीचं कार्डावर शिल्लक ठेवायचं, महिनाअखेरपर्यंत दुसरं कोणी दुसरीकडे उचलू शकतं. मी विचारलं, "असं कोण करतं?" तो म्हणाला, "आजपर्यंत कोणीच नाही, काका."

नवं मशीन येऊन थोडेच महिने झाले असतील. महिन्याच्या सुरुवातीची रांग होती. केसरबाई दोन पिशव्या घेऊन आली.

ही केसरबाई आमच्याच भागातली, मागच्या गल्लीत राहते. नवरा लूमवर होता, तो वारला. थोरला मुलगा रतन, त्याची बायको, एक नातू, एक नात. आणि धाकटा भटू, जो काही वर्षांपूर्वी भांडून घरातून गेला तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही. कार्डावर सहा नावं, माणशी पाच किलो म्हणजे तीस. भटूचं नाव कमी करून टाका, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं. उद्या तपासणी झाली तर मलाच विचारतील. रतनही तयार होता. ती एकच म्हणायची, "नाव ऱ्हाऊ दे." मी मनात म्हणायचो, पाच किलोची हाव सुटत नाही म्हातारीला.

तिने अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, या महिन्याचं धान्य उचललेलं आहे.

"माय, तुमचं उचललं गेलंय," मी म्हटलं.

"कोणी उचललं?"

"घरातलंच कोणी आलं असेल."

"घरात कोण? रतन रातपाळी करून झोपलाय, सून साडी घेऊन बसलीय. पोरं शाळेत." मग तिने पिशव्या काट्यावर ठेवल्या आणि आमच्या अहिराणीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मना दाना तूच खाई गया, हिरामण."

माझा दाणा तूच खाल्लास. मग मागून एकजण म्हणाला, "पाह्य ना भो, मशीन उनं तरी तेच." मशीन आलं तरी तेच.

माझं डोकं लवकर तापतं. मी तिच्या पिशव्या उचलून बाहेर ओट्यावर ठेवल्या आणि जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. तिने पिशव्या झटकून घडी केल्या, काखेत धरल्या आणि रतनला उठवून सरळ पुरवठा खात्याच्या झोनल कचेरीत गेली.

अशा तक्रारीवर दुकानदाराचं ऐकायची पद्धत नाही. ग्राहकांचे ठसे साठवून परस्पर धान्य काढल्याच्या भानगडी लोकांनी ऐकलेल्या असतात. माझं दुकान चौकशीपुरतं बंद झालं आणि माझे ग्राहक त्या टाळ्या वाजवणाऱ्या शेजाऱ्याला जोडून दिले. परवाना गेला असता तर या वयात मी पुन्हा कांद्याच्या लॉरीवर आलो असतो. रोज सकाळी उठून मी बंद शटरसमोर झाडू मारायचो. येणारे जाणारे बघायचे आणि नजर वळवायचे. चोर म्हणणाऱ्यांपेक्षा मला या नजर वळवणाऱ्यांचा राग जास्त येतो.

चौकशी करणारे निरीक्षकसाहेब म्हणायचे, तपास चालू छे. मी म्हणायचो, "साहेब, माझ्या मशीनवरून गेलेलं नाही, मग कुठल्या मशीनवरून गेलं ते तर बघा." ते म्हणायचे, जोईशुं. बघू. मग मी डबा घेऊन कचेरीत जायला लागलो आणि त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर जेवायला लागलो. लसणाची चटणी, भाकरी. चटणीचा वास त्या खोलीत कोणाला सोसवेना. एके दिवशी ते म्हणाले, "तमने शुं जोईए छे?" काय पाहिजे तुम्हाला? मी म्हटलं, "दुकान उघडू नका. हे एक कार्ड तेवढं उघडा."

त्यांनी उघडलं. धान्य शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरच्या एका दुकानातून उचललं होतं. अंगठा कोणाचा, तर सभासद भटू.

साहेब माझ्याकडे बघत होते. मी खुश व्हायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू झालं. भटू एवढ्या वर्षांत कोणाला दिसलेला नाही. मग अंगठा खोटा असणार, इच्छापोरच्या दुकानदाराची करामत असणार. आणि खोटा नसेल तर त्याहून वाईट. म्हणजे पोरगा तिकडे उचलतोय, आई इकडे मला चोर म्हणून रांगेत ओरडतेय, दोन्हीकडून धान्य काढायचा बेत. मला श्रावणातलं आठवलं. आमच्या लोकांत कानबाईचा सण असतो. प्रसादाच्या रोटाचे गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. मी दर्शनाला गेलो होतो तेव्हा केसरबाईने रतनच्या नावाने घेतली, नातवाच्या नावाने घेतली आणि मग तिसऱ्यांदा हात घातला. "ही कोणाची?" कोणीतरी विचारलं. "भटूची," ती म्हणाली. मेलेल्याच्या नावाने मूठ कोणी घेत नाही, देवीशी असा व्यवहार कोणी करणार नाही. तेव्हा मला वाटलं होतं, आईचं मन. आता वाटलं, तो कुठे आहे ते म्हातारीला पहिल्यापासून माहीत होतं.

तसाच तिच्या घरी गेलो. सून खाली बसून साडीला टिकल्या लावत होती, केसरबाई तिला पदर ताणून धरून देत होती.

दारातूनच म्हटलं, "तुझं धान्य तुझ्या भटूने उचललं. इच्छापोरला. आता नाटक पुरे."

सुनेचा हात थांबला. केसरबाईने साडीचा पदर सोडला नाही. तिने विचारलं, "अंगठा त्याचाच होता?"

"मशीन तसंच सांगतं."

"मशीन खोटं बोलतं का?"

"मला काय विचारते? मला तर त्याने चोर ठरवलं."

"मेलेल्या माणसाचा अंगठा लागतो का रे, हिरामण?"

मी भांडायला गेलो होतो. पण म्हटलं, "नाही लागत."

ती सुनेला म्हणाली, "याले चहा ठेव." एवढ्या दिवसांत माझ्याशी कोणी सरळ बोललं नव्हतं. मी उंबऱ्यातच बसलो.

चहा झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. "तक्रार मागे घे. माझं दुकान बंद आहे."

"घेते. आधी त्याला बघून ये."

"मी? तुझा रतन आहे ना."

"रतन गेला तर हाणामारी होईल. मी गेले तर तो मागच्या दाराने पळेल. तू जा. तुला तो घाबरायचा."

"आणि तो भटू नसला, कोणी लबाड निघाला तर?"

"तर तसं येऊन सांग. मग मी तुला चोर म्हटलं ते चुकीचं, हे तरी कळेल." माझ्याच दुकानावरची घासाघीस ती माझ्याशी करत होती आणि मला भाव वाढवायला जागा नव्हती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी इच्छापोरला गेलो. हजीरा रोडवर कंपन्यांच्या बस, ट्रक, ठेकेदारांची माणसं. दुकान एका पतऱ्याच्या शेडमध्ये होतं. दुकानदार जयंतीभाई, माझ्याच वयाचा. मी ओळख दिली तसा तो सावध झाला.

"एनो अंगूठो आव्यो, में आप्युं," तो म्हणाला. "मने शुं खबर एनी मा क्यां छे?" अंगठा लागला, धान्य दिलं; त्याची आई कुठे आहे ते त्याला काय ठाऊक.

"तीसच्या तीस किलो दिले? एकटा माणूस तीस किलो काय करतो?"

"ते त्याला विचारा."

"विचारतोच. इथेच बसतो." मी त्याच्या पोत्यावर बसलो. तांदूळ बाहेरच्या बाहेर परत विकत घेणारे दुकानदार मला माहीत आहेत. जयंतीभाई त्यातला होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही म्हणत नाही. तो मला उठवू शकत नव्हता आणि मी त्याच्याकडचा चहा पीत नव्हतो, अशी दुपार गेली.

भटू आला तो कंपनीच्या बुटांत, डोक्याला रुमाल. मी त्याला ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं आणि तो वळला. मी त्याचा दंड धरला. हात हाडकुळा लागला.

"पळतोस कुठे? मी मारायला आलो नाही. मारण्यासारखं आहे तुझ्यात काय?"

"काका, सोडा."

"तुझ्यामुळे माझं दुकान बंद आहे. घरात पाच माणसं, त्यांचं सगळं तू उचललंस."

त्याने खाली बघितलं. म्हणाला, "ठेका सुटला होता. एकजण म्हणाला, अंगठा ठेवून बघ, नाव असेल तर मिळेल. मला वाटलं, नाव केव्हाच कापलं असेल. ठेवला, तर लागला. यांनी सगळंच मोजलं. मी नको म्हणालो नाही."

"आता काम आहे?"

"आहे. पण आठवड्यातले तीन-चार दिवसच."

"मग घरी चल."

"नाही." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मी पिऊन आलो होतो त्या दिवशी. चुलीवरचं पातेलं लाथाडलं. तेव्हा माय म्हणाली, या घरचा दाणा तुला आता लागायचा नाही. रतन बोलला असता तर सोडून दिलं असतं."

जयंतीभाई उगाच पावत्या चाळत होता. मला भटूचा राग आला होता, पण रागातही मला सौदा दिसतो, तो स्वभावच आहे. मी म्हटलं, "ऐक. तुझ्या नावचे पाच किलो तुझे. महिन्याला येऊन उचल. बाकी पंचवीसला हात लावायचा नाही. आणि निरीक्षकसाहेबांसमोर सांगायचं की अंगठा तू दिला होतास."

"सांगतो. पण इथे कोणी यायचं नाही. माय आली तर मी इथूनही जाईन."

"पाच किलोत तुझं भागतं?"

"ते माझं मी बघीन."

मी त्याला दहा मिनिटं वेगवेगळ्या बाजूंनी घोळात घेतलं, फोन नंबर तरी दे, खोलीचा पत्ता तरी दे. तो एका इंचाने हलला नाही. शेवटी जयंतीभाईच्या मशीनवर माझ्यासमोर त्याने अंगठा ठेवला, पाच किलो मोजून घेतले आणि गेला. मी जयंतीभाईला शिल्लक दाखवायला लावली. पंचवीस. तरी पावतीचा फोटो काढून घेतला.

परत आलो तर केसरबाई माझ्या दुकानाच्या बंद शटरसमोर बसून होती.

"भटूच आहे," मी म्हटलं.

"दिसतो कसा?"

"बारीक झालाय."

"पितो?"

"वास नव्हता."

तो काय म्हणाला ते मी सगळं सांगितलं. तिचं ते दाण्याचं वाक्यही सांगितलं, कारण न सांगितलेलं तिने माझ्याकडून काढून घेतलंच असतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मग म्हणाली, "चल, कुठे सही करायची ते दाखव."

भटूने जबाब दिला, तिने तक्रार मागे घेतली, दुकान उघडलं. निरीक्षकसाहेब म्हणाले, "फरियाद पाछी खेंचाई गई. हवे शांतिथी धंधो करो."

मी म्हटलं, "साहेब, मी चोर नव्हतो असं लिहून द्या. दुकानावर लावतो."

ते म्हणाले, "एवुं कोई फॉर्म नथी."

नाही ते नाहीच. चोर म्हणायला फॉर्म आहे, चोर नव्हता म्हणायला नाही. एवढं अनुदान आलं, मशीनमध्ये एवढ्या कळा आल्या, पण ही एक कळ कोणी बसवली नाही. निम्मे ग्राहक परत आले, निम्मे त्या शेजाऱ्याकडेच राहिले. माझ्या मनातली ही गाठ अजून सुटलेली नाही आणि सुटावी असं मला वाटतही नाही.

केसरबाई त्या महिन्यापासून पंचवीस किलो उचलायला लागली. पाच शिल्लक. महिना सुरू झाला की पहिल्या दिवशी यायची. अंगठा ठेवायच्या आधी विचारायची, "मागच्या महिन्याचं बघ." मी बघायचो. "उचलले," म्हणायचो. मग ती पिशवी उघडायची. रांगेतल्यांना वाटायचं, म्हातारी अजून माझा हिशेब तपासतेय. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगून ते विश्वास ठेवणार होते थोडेच.

एकदा ती म्हणाली, "आज वीसच दे. माझे पण राहू दे कार्डावर."

"कशाला?"

"त्याला दहा मिळतील."

"माय, तो पाचच घेणार. माझ्याशी बोलणं झालंय त्याचं. तुझे पाच महिनाअखेर बुडतील. सरकारजमा होतील."

"होऊ दे."

"अगं, पुढच्या महिन्यात मिळत नाहीत ते. हा काय बँकेतला ठेवा आहे? घरात नेऊन खा ना."

"हिरामण, माझ्या वाटणीचं मी कुठे ठेवावं ते तू सांगू नको."

वीस दिले. पुढच्या महिन्यात बघितलं तर भटूने पाचच उचलले होते. तिचे पाच बुडाले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. माझा जीव तळमळायचा. आयुष्यभर मूठमूठ घटीसाठी गोदामवाल्यांशी भांडलेला माणूस मी, आणि डोळ्यांसमोर दर महिन्याला पाच किलो धान्य हवेत जात होतं. मी तिला नाना प्रकारे समजावलं. रतनला सांगेन म्हणालो. ती म्हणाली, "सांग. मग मी शेजारच्या दुकानात जाईन." तिला माझी दुखरी नस माहीत होती.

उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला. पाच जात होते, पाच बुडत होते. मग या गणपतीनंतरच्या महिन्यात ती आली, नेहमीसारखी, हातात दोन पिशव्या.

"मागच्या महिन्याचं बघ."

मी बघितलं. पुन्हा बघितलं. म्हटलं, "दहा."

"काय दहा?"

"दहा उचललेत. तुझे पण."

तिने गल्ल्याची कड धरली. मला काय वाटलं असेल, सांगा. मला पहिल्यांदा जयंतीभाई आठवला. पोराने पाच घेतले असतील, शिलकीचे पाच बघून याने हात मारला असेल. नाहीतर पोराचं काम पुन्हा सुटलं असेल. मी फोन उचलला.

"कोणाला लावतोस?"

"त्या दुकानदाराला. खरं काय ते विचारून घेतो."

"ठेव तो."

"अगं, तुझंच धान्य आहे. त्याने खाल्लं असलं तर?"

"तू विचारलंस आणि भटूने पाचच नेले असं तो म्हणाला, तर मी काय करू?"

मागे रांग होती. एकजण घाई करत होता, त्याला मी गप्प बसवलं. फोन खिशात ठेवला.

"दोघं झाले असतील," केसरबाई म्हणाली. "एकट्याला दहा लागत नाहीत. कोणी जेवणारं आलं असेल त्याच्याकडे." तिने अंगठा पदराला पुसला आणि मशीनवर ठेवला. मशीनने तो पहिल्या वेळेलाच घेतला. "दोघांचे उद्या तीन होतील. या महिन्याला पंधरा राहू दे. पंधराच मोज मला."

"पंधरात पाच माणसं? रतन काय म्हणेल?"

"रतनचं मी बघते," ती म्हणाली. "तू काट्याकडे बघ."